मलिक अंबर आणि आमचे इतिहासकार

मलिक अंबरचे नाव मराठी ग्रंथांत येते ते बहुधा पहिल्या प्रकरणात. शिवचरित्र लिहावयाचे तर आधी शहाजीराजांचा वृत्तान्त हवा; शहाजीराजांचा वृत्तान्त द्यावयाचा तर निजामशाहीची अखेर सांगितली पाहिजे; आणि ती सांगू गेले असता मलिक अंबर वाटेत उभा असतो. मग त्यास दोन-तीन पाने देणे भाग पडते. त्या पानांतील वाक्येही आता ठरून गेली आहेत : तो जातीचा हबशी व मूळचा गुलाम होता, त्याने जमाबंदीची एक चांगली पद्धत घालून दिली, आणि मराठ्यांस गनिमी काव्याचे धडे दिले. एवढे लिहून झाले की ग्रंथकार मोकळा होतो आणि शिवनेरीची वाट धरतो.

दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना आम्हांस ही तीन वाक्ये पुनःपुन्हा वाचावी लागतात. विद्यार्थ्यांस आम्ही त्याबद्दल दोष देत नाही. ज्या घरात मुलगा इतिहास शिकतो त्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींसही याहून फारसे अधिक ठाऊक नसते, आणि ती मंडळी ज्या पुस्तकांवरून शिकली त्यांतही याहून अधिक नव्हते. दोष आहे तो इतिहास लिहिणाऱ्यांच्या, म्हणजे आमच्याच वर्गाच्या, एका जुन्या खोडीत. महाराष्ट्रात शिवछत्रपतींच्या पूर्वी जे जे काही घडले ते त्यांच्या येण्याची तयारी म्हणूनच घडले, असे मानण्याची ही खोड आहे. संतांनी भूमी नांगरली, सरदारांनी तलवारी परजल्या, मलिक अंबरने युद्धाची शाळा काढली, आणि मग यथाकाल पीक हाती आले! हे चित्र मनोहर आहे. परंतु शिवछत्रपतींच्या थोरवीस असल्या टेकूची गरज नाही, आणि त्यांच्या आधी जगून गेलेल्या माणसांवर मात्र त्याने अन्याय होतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मलिक अंबर हा कोणाची पूर्वतयारी करण्यासाठी जन्मास आला नव्हता. तो एक राज्यकर्ता होता. आणि कोणत्याही राज्यकर्त्यास जे तीन प्रश्न विचारावयाचे तेच त्यासही विचारले पाहिजेत : रयतेकडून त्याने काय व कोणत्या रीतीने घेतले, घेतलेल्याचे काय केले, आणि त्याच्या पश्चात काय उरले. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर त्याची स्तुती करावी की निंदा करावी हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्याकडे प्रश्न विचारण्यापूर्वीच निकाल लागतो, ही आमची तक्रार आहे.

हा निकाल देणारे तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष वर सांगितलेला. तो अंबरास मराठ्यांचा युद्धगुरू म्हणून गौरवितो आणि गुरुदक्षिणा म्हणून विस्मृती देतो. दुसरा पक्ष अधिक सरळ आहे. त्याच्या मते अंबर हा परक्या देशातून आलेला, परक्या धर्माचा, एका परक्या शाहीचा चाकर; त्याच्याशी आपणांस कर्तव्य काय? तिसरा पक्ष अलीकडचा आहे, आणि परदेशी ग्रंथांच्या वाचनाने त्यास बळ आलेले आहे. बाजारात विकला गेलेला एक आफ्रिकी मुलगा हिंदुस्थानात राजांना गादीवर बसविता-उठविता झाला, या कथेने हा पक्ष भारावून जातो. कथा खरीच विलक्षण आहे; पण ती गुलाम सत्तेवर येतो तेथेच संपते, आणि सत्तेवर आल्यावर त्याने केले काय, हे विचारावयास कोणी थांबत नाही. तिन्ही पक्षांचे परस्परांशी पटत नाही; परंतु अंबरच्या कारभाराकडे न पाहण्याच्या बाबतीत तिघांचे पूर्ण एकमत आहे.

म्हणून प्रथम त्याचे चरित्र थोडक्यात सांगू. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. त्याचे मूळचे नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. तांबड्या समुद्रावरील मोखा आणि पुढे बगदाद अशा ठिकाणी धनी पालटत गेला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या धन्याने त्यास लिहावाचावयास शिकविले व त्याचे अंबर हे नाव ठेविले. पुढे तो दक्षिणेत येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता. दक्षिणेच्या शाह्यांत गुलाम म्हणजे केवळ पाणके आणि हरकामे अशी समजूत असेल तर ती सोडून दिली पाहिजे. ज्याला देशात भाऊबंद नाहीत, वतन नाही, जातगोत नाही असा मनुष्य फक्त धन्याशीच बांधलेला राहतो, या हिशेबाने तेथे हबशी गुलाम सैन्यात व कारभारात मुद्दाम वाढविले जात. १५७४-७५ च्या सुमारास चंगीझखान मेला आणि अंबर स्वतंत्र झाला. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे त्याने विजापूर आदि दरबारांच्या चाकरीत काढली. 'मलिक' ही पदवी त्यास विजापुरी मिळाली. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते, आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले होते.

तो काळ निजामशाहीच्या प्राणसंकटाचा होता. अकबराच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. चांदबिबीने एक वेढा परतविला. पण १६०० साली तिचाच खून झाला, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मोगलांच्या हाती पडले आणि बालसुलतान बहादूरशाह ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. राजधानी गेली, खजिना गेला, राजा कैदेत पडला. राज्य संपले असे समजण्यास कोणाचीच हरकत नव्हती. अशा वेळी अंबरने राजघराण्यातील एका तरुणास हुडकून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले, त्यास दुसरा मूर्तजा निजामशाह म्हणून जाहीर केले, आणि आपली मुलगी त्यास दिली. राजू दखनी नावाचा एक प्रतिस्पर्धी सरदार पुढे सात वर्षे त्याच्याशी झगडत होता. १६०७ मध्ये त्याचा बंदोबस्त झाला. तेव्हापासून १६२६ साली मृत्यू येईपर्यंत निजामशाहीचा सर्व कारभार अंबरच्या एकट्याच्या हातात होता. परांडा, जुन्नर आणि मग दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली. तिच्याबरोबर राज्यही जिवंत राहिले.

आता युद्धाविषयी. सव्वीस वर्षे त्याने अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांशी सामना दिला. कवी म्हणून ज्यास आपण रहीम या नावाने ओळखतो तो अब्दुर्रहीम खानखानान, त्याचा पुत्र शाहनवाझखान, खानजहान लोदी, अब्दुल्लाखान, शाहजादा परवेझ, शाहजादा खुर्रम असे एकामागून एक सेनापती त्याच्यावर चालून आले. यांतील पुष्कळ लढाया तो हरला, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण त्याचे स्तुतिपाठक ते सांगत नाहीत. १६०२ च्या सुमारास नांदेडकडील लढाईत तो जखमी झाला. १६१६ मध्ये जालन्याकडील रोशनगाव येथे त्याचा पूर्ण पराभव झाला, आणि मोगलांनी त्याचे नवे शहर खडकी जाळून टाकले. १६१७ मध्ये, सात वर्षांपूर्वी परत जिंकलेले अहमदनगर त्यास पुन्हा सोडून द्यावे लागले. या कामगिरीबद्दल खुर्रमास 'शाहजहान' ही पदवी मिळाली. १६२१ मध्ये त्याच शाहजहानने खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केली. प्रत्येक वेळी तह झाला, मुलूख गेला, खंडणी ठरली. आणि प्रत्येक वेळी दोन-तीन वर्षांच्या आत अंबर पुन्हा घोड्यावर बसून मोगलांची रसद मारू लागला.

यावरून आमचा पहिला पक्ष म्हणेल, 'हाच तो गनिमी कावा. हाच त्याने मराठ्यांस शिकविला.' येथे थोडे थांबावे. जहांगिराचा दरबारी इतिहासकार मुतमदखान अंबरच्या या युद्धपद्धतीचे वर्णन करितो, तेव्हा तिला दक्षिणी भाषेत बर्गीगिरी म्हणतात असे सांगतो. बारगीर हा शब्द मराठी वाचकास सांगावयास नको : सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. ज्या विद्येस शत्रूचा लेखकसुद्धा याच मुलखातील नाव देतो, ती विद्या अंबरने हबसाणातून किंवा बगदादेहून आणलेली नव्हती, हे उघड आहे. सह्याद्रीच्या घाटांत वावरणाऱ्या स्वारास डोंगरी वाट कोणी शिकवावी लागत नाही. अंबरचे कर्तृत्व निराळेच होते. विखुरलेल्या स्वारांच्या पाठीमागे त्याने वेळच्या वेळी पगार, किल्ल्यांतील धान्य, तोफखाना आणि एक हुकूम उभा केला. १६१२ च्या सुमारास मोगलांनी गुजरात व वऱ्हाड अशा दोन बाजूंनी फौजा पाठवून त्यास मध्ये पकडण्याचा बेत केला. गुजरातेकडून आलेला अब्दुल्लाखान उतावळेपणाने दौलताबादेजवळ येऊन ठेपला. अंबरने दुसरी फौज पोहोचण्याच्या आत त्यास स्वारांच्या वेढ्यात इतका हैराण केला की, त्यास बागलाणमार्गे गुजरातेत परत जावे लागले. यात चपळ स्वार हा अर्धाच भाग आहे. कोणत्या फौजेवर कोणत्या दिवशी पडावयाचे, हे जाणणारे डोके हा दुसरा अर्धा.

आणि 'शिकविले' म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठे सरदार अंबरच्या वर्गात बसलेले विद्यार्थी नव्हते. ते आपापल्या वतनाचे व फौजेचे धनी होते, आणि स्वतःच्या हिताप्रमाणे पक्ष धरीत व सोडीत. रोशनगावच्या लढाईपूर्वी लखुजी जाधवरावांसारखा मातबर सरदार मोगलांस जाऊन मिळाला होता. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल व आदिलशाह या दोघांची संयुक्त फौज अंबरवर चालून आली. पंचाहत्तरी उलटलेल्या त्या म्हाताऱ्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळाची दलदल करून टाकली आणि मग त्या फौजेचा धुव्वा उडविला. त्या लढाईत शहाजीराजांनी शौर्याची शर्थ केली व त्यांचे बंधू शरीफजी कामास आले. परमानंदाने 'शिवभारता'त या लढाईचे वर्णन केलेले आहे. परंतु भातवडीनंतर लवकरच शहाजीराजे निजामशाही सोडून विजापुरास गेले. असे सरदार, हबशी सैनिक, दखनी मुसलमान आणि ब्राह्मण कारकून यांची मोट पाव शतक बांधून ठेवणे हे जर काही असेल, तर ते राज्य करणे होय. शाळा चालविणे नव्हे.

आता पहिला प्रश्न : रयतेकडून त्याने काय घेतले? तत्पूर्वी महसूल वसूल करण्याची प्रचलित वाट म्हणजे इजारा. जो सरकारास अधिक रक्कम कबूल करील त्याला परगणा मक्त्याने द्यावयाचा, आणि त्याने ती रक्कम व स्वतःचा नफा कुणब्याच्या पाठीवरून काढावयाचा. अंबरने इजारा बंद केला. जमिनीची प्रत पाहावी, प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घ्यावा, आरंभी सरकारचा भाग धान्यात घ्यावा, आणि काही वर्षांच्या अनुभवाने तो ठरला की त्याची रक्कम बांधून द्यावी, अशी त्याची रीत होती. ही रक्कमही दरसालच्या लागवडीप्रमाणे ठरे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात धान्याचा भाग दोनपंचमांश आणि रोख आकार सुमारे एकतृतीयांश असे प्रमाण दिलेले आहे. वसुलीचे काम ब्राह्मण कामगारांकडे व देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे असे. मोडकळीस आलेली गावकी, म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि बलुते यांची व्यवस्था, त्याने पुन्हा उभी केली. यासच मागाहून लोक 'मलिकंबरी धारा' म्हणू लागले. पुणे प्रांतात दादोजी कोंडदेवांनी हाच धारा पुढे चालविला अशी परंपरा आहे.

यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, दोनपंचमांश ही काही दया नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. ज्या कुणब्याच्या खळ्यावरून शंभर मापांतील चाळीस मापे उचलली जात, त्याने अंबरास दुवा दिला असेल, असे समजण्याचे कारण नाही. परंतु भार किती हा एक प्रश्न आहे, आणि तो उद्या किती असेल हे ठाऊक असणे हा दुसरा. इजारदाराच्या राज्यात कुणब्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नव्हते. ज्या मुलखावरून दर दोन वर्षांनी मोगली फौजांची टोळधाड जात होती, त्या मुलखात शेतकऱ्यास जमिनीवर टिकवून धरावयाचे तर त्यास निदान सरकारची मागणी तरी आगाऊ कळावयास हवी, हे अंबरने ओळखले होते. दुसरा आक्षेप असा की, हे सर्व त्याने युद्धास पैसा हवा म्हणून केले. अर्थातच! राज्यकर्त्याचा हेतू शुद्ध परोपकाराचा असल्यावाचून त्याच्या कामास चांगले म्हणावयाचे नाही, असा नियम केला तर इतिहासाची बहुतेक पाने कोरीच ठेवावी लागतील. त्याचप्रमाणे ब्राह्मण कामगार नेमले यावरून त्यास सर्वधर्मसमभावाचा पुतळा करण्याची हौसही आम्हांस नाही. त्यास हिशेब जाणणारी आणि गावात शब्द असणारी माणसे हवी होती. ती जेथे मिळाली तेथून त्याने घेतली. कामाच्या माणसाचा धर्म न पाहणे हा सद्गुण कमी भावनेचा असेल, पण राज्यास त्याचा उपयोग अधिक होतो.

दुसरा प्रश्न : घेतलेल्याचे त्याने काय केले? पुष्कळसे युद्धात गेले, हे सांगितलेच. उरलेल्याचा हिशेब पाहावयाचा तर खडकीकडे पाहावे. १६१० च्या सुमारास त्याने वसविलेले हे शहर पुढे त्याच्या पुत्राच्या नावाने फतेहनगर झाले, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. शहराचे नाव काय असावे या वादात आम्ही येथे शिरत नाही. आम्हांस आश्चर्य वाटते ते इतकेच की, या वादात इतकी भाषणे झाली, आणि शहर मुळात वसविले कोणी, हा प्रश्न फार थोड्यांस सुचला.

खडकीच्या जागेस पाण्याचा तोटा होता. अंबरने उत्तरेकडील टेकड्यांच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालून बांधलेल्या नहरींनी शहरात आणले, आणि मातीच्या नळांनी ते हौदांपर्यंत खेळविले. पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी वाटेत जागोजाग विटाचुन्याचे मनोरे उभारले. ही नहर-ए-अंबरी होय. शहर पाहावयास जाणारी मंडळी पाणचक्कीपाशी उभी राहून हेच अंबरचे काम असे मुलांस सांगतात. पाणचक्की अठराव्या शतकातील असून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी तिचा संबंध आहे. अंबरचे काम तिच्यासारखे दर्शनी नाही. ते जमिनीच्या पोटात आहे. शत्रूने जे शहर दोनदा जाळले त्याच शहरात हा मनुष्य पुनःपुन्हा घरे बांधीत होता, यावरून त्यास केवळ लूट करून पळणारा बंडखोर म्हणणाऱ्या मोगल लेखकांची किंमत कळून यावी.

मोगल लेखकांवरून आठवले. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबरचा उल्लेख शिवी दिल्यावाचून सहसा करीत नाही. काळतोंड्या, काळ्या नशिबाचा, अशी त्याची विशेषणे आहेत. १६१६ च्या सुमारास त्याच्या दरबारचा चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ते काढले गेले तेव्हा अंबरचे डोके धडावरच होते, आणि पुढे दहा वर्षे तेथेच राहिले. ज्या शाहजहानने खडकी जाळली तोच पुढे बापाविरुद्ध बंड करून पराभूत झाल्यावर अंबरच्याच आश्रयास आला. आणि ज्या दरबारात अंबरास शिव्या देण्याची रीत होती, त्याच दरबारच्या मुतमदखानाने तो मेल्यावर लिहून ठेविले की, युद्धात, सेनापतित्वात, विचारात आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. शत्रूने दाखविलेला एवढा उदारपणा सुमारे चारशे वर्षांनंतरही आमच्या काही लेखकांस साधत नाही, याची खंत वाटते.

परंतु आम्ही अंबरचे वकीलपत्र घेतलेले नाही. त्याच्या विरुद्ध जे आहे तेही मांडले पाहिजे. पीटर वान डेन ब्रूके हा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याच्या छावणीत गेला होता. छावणीतील शिस्तीची तो वाखाणणी करितो. पण दारू पिणाऱ्याच्या घशात तापलेले शिसे ओतण्याची शिक्षा होती, असेही तोच सांगतो. त्याच्याच वृत्तान्तात याहून गंभीर गोष्ट आहे. ज्या मूर्तजा निजामशाहास अंबरने गादीवर बसविले, त्याच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि अंबरास बंडखोर म्हटले. ते अंबरच्या कानी गेल्यावर त्याने राजा व राणी दोघांसही विषप्रयोगाने मारविले, असे तो लिहितो. ही हकीकत १६१० ची. त्यानंतर एक अल्पवयीन राजपुत्र गादीवर आला, आणि अंबरची सत्ता पूर्वीहून निरंकुश झाली.

आमच्या मते अंबरच्या साऱ्या चरित्राची दुखरी जागा हीच आहे. त्याच्यापाशी राज्य चालविण्याची सर्व सामर्थ्ये होती. राज्य आपले म्हणण्याचा अधिकार तेवढा नव्हता. हबशी, मूळचा गुलाम, राजवंशाबाहेरचा असा हा मनुष्य स्वतः तख्तावर बसता तर त्याच्या सरदारांनी त्यास एक दिवसही मानले नसते. म्हणून त्यास नेहमी एक राजपुत्र पुढे धरावा लागला. राजपुत्र मोठा होऊन मान मागू लागला की धोका. आणि राजपुत्र नाहीसा झाला तर राज्याचा आधारच नाहीसा. या पेचातून त्यास वाट सापडली नाही. त्याने तो पेच विषाच्या पेल्याने तेवढ्यापुरता सोडविला, आणि तसाच पुढच्या पिढीच्या हाती दिला.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे त्याच्या पश्चात काय उरले याचे, उत्तर कडू आहे. १६२६ साली तो मेला. कारभार त्याचा मुलगा फतेहखान याच्याकडे आला. मध्यंतरी कैद भोगून सुटल्यावर त्यानेही बुऱ्हाण निजामशाहास ठार मारून एका मुलास गादीवर बसविले. बापाचा कित्ता त्याने गिरविला, पण बापाची बुद्धी त्यास नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांस मिळाले आणि तो बालराजाही ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. त्यानंतर शहाजीराजांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातील आणखी एका मुलास राजा म्हणून उभे केले व तीन वर्षे राज्य सांभाळले. अंबरने परांड्यास जो डाव मांडला तोच त्यांनी पुन्हा मांडला होता. १६३६ मध्ये तोही संपला. जे राज्य अंबरने सव्वीस वर्षे बुडू दिले नाही ते त्याच्या मागे दहा वर्षांत बुडाले.

ज्यांस अंबर आणि शिवछत्रपती यांची तुलनाच करावयाची असेल, त्यांनी ती येथे करावी. गनिमी कावा कोणी कोणास शिकविला, हा वाद त्यापुढे फोल आहे. दुसऱ्याच्या नावाने राज्य करण्याचा मार्ग अंबरने पाव शतक चालून पाहिला, शहाजीराजांनी तीन वर्षे चालून पाहिला. दोघांसही तो एकाच ठिकाणी घेऊन गेला. १६७४ साली रायगडावर जो राज्याभिषेक झाला त्याचा अर्थ या अपयशाच्या उजेडात अधिक स्पष्ट होतो. ज्या सत्तेस स्वतःचे नाव व स्वतःचा हक्क होता ती सत्ता १६८९ मध्ये राजा मारला गेला, राजधानी गेली, तरी औरंगजेबाशी अठरा वर्षे झगडत राहिली. अंबरच्या सत्तेस ते साधले नाही. त्याची बुद्धी कमी पडली असे नाही. त्याच्या सत्तेचा पाया त्याच्या एकट्याच्या देहावर होता. ही तुलना अंबरास कमी लेखीत नाही. त्याने काय साधले व काय त्यास साधणे शक्य नव्हते, हे ती वेगवेगळे करून दाखविते. परंतु ती करण्यासाठी आधी अंबरास अंबर म्हणून पाहावे लागते. पूर्वपीठिकेच्या पानांत ते होत नाही.

दुसऱ्या पक्षास, म्हणजे अंबर परका म्हणणाऱ्यांस, आम्ही एकच विचारतो. जन्माने जो मनुष्य या भूमीचा नव्हता, त्याने या भूमीवर पन्नास वर्षांच्या आसपास काढली, तिच्यासाठी दिल्लीच्या बादशहांशी म्हातारपणापर्यंत लढला, तिच्या जमिनी प्रतवार लावल्या, तिच्या एका कोरड्या माळावर पाणी आणून शहर वसविले, आणि शेवटी तिच्याच मातीत पुरला गेला. त्यास आपले म्हणावयास आणखी काय लागते? तो आपणांस आवडलाच पाहिजे असे नाही. आपल्या घरातील कर्ती माणसेही सर्वच कोठे आवडती असतात! पण त्यांचा हिशेब आपण शेजाऱ्याच्या वहीत लिहीत नाही.

वेरुळची लेणी पाहावयास जाणारी शेकडो कुटुंबे खुलताबादेवरून जातात. तेथे औरंगजेबाची उघड्यावरची साधी कबर आहे, आणि त्याच गावात मलिक अंबरचा घुमटही आहे. दक्षिण जिंकावयास आलेला बादशहा आणि दक्षिण राखण्यासाठी लढलेला गुलाम, दोघे एकाच गावच्या मातीत आहेत. पहिल्याच्या कबरीवरून आजही भांडणे होतात. दुसऱ्याच्या घुमटाकडे मोटार थांबवावी असे कोणास वाटत नाही. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, पुढच्या वेळी मुलांबाळांसह त्या वाटेने जाल तेव्हा तेथे थोडा वेळ थांबा, आणि मुलाने 'हा कोण?' असे विचारल्यास 'शिवाजी महाराजांच्या आधीचा एक सरदार' असे सांगून त्यास गप्प करू नका. इजारा म्हणजे काय, धारा म्हणजे काय, जमिनीखालून पाणी कसे आणतात, आणि इतके सर्व करूनही राज्य का बुडते, हे त्यास सांगा. तीन ठरीव वाक्यांपेक्षा त्यास अधिक इतिहास कळेल. आणि उत्तरपत्रिकेत तो काही निराळे लिहील, तर ते वाचावयास आम्ही उत्सुक आहोत.